मेनच्या आधीची लाईन

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला जागा मात्र लागते. भाऊजींच्या हौसेला ताईची शिवणाची खोली लागली.

ताई म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. आणि धाकटा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बाप वायरमन, मुलगाही वायरमन, म्हणून गिऱ्हाइकांनी बापाला केलं थोरला आणि ह्याला धाकटा. चाळिशी उलटली, कानशिलं पिकली, तरी लोक फोनवर विचारायचे, "थोरले आहेत का? नाहीत? बरं, मग धाकट्याला पाठवा." ते "बरं, मग" त्याला वीस वर्षं टोचत आलं होतं. थोरल्यांचे, म्हणजे आबांचे, गुडघे गेले, ते घरी बसले, तरी ते "बरं, मग" काही जाईना.

भाऊजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. माणूस वाईट नव्हता, पण एकदा काही डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचं ऐकायचे नाहीत. पन्नाशीत त्यांनी डोक्यात घेतलं ते गाणं ऐकायचं. तेही असं तसं नाही. खोलीच्या भिंतींना लोकरीचे जाड तक्ते, दाराला रबराची कड, खिडकीला दुहेरी पडदा, कपाटाएवढे दोन स्पीकर, आणि दोघांनी मिळून उचलावा लागेल असा एक अँप्लिफायर. समोर खुर्ची एकच. ताईचं शिलाई मशीन गेलं पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी.

"सवत आणली रे तुझ्या भाऊजींनी," ताई धाकट्याला म्हणाली. "बरं, नुसती आणली नाही, माझ्या खोलीत बसवली. आणि दार लावून तिच्याशी बोलतात."

सगळं थाटामाटात मांडून झालं आणि तिथेच घोडं अडलं. स्पीकरमधून बारीक घूं असा आवाज यायचा, आणि फ्रिज चालू झाला की आत टक् व्हायचं. दुसऱ्या कुणाला ते ऐकूही आलं नसतं. भाऊजींना मात्र झोप येईना. ताई म्हणाली, "पंचवीस वर्षं ह्यांना माझी पहिली हाक कधी ऐकू आली नाही, आणि फ्रिजची टकटक भिंतीपलीकडून ऐकू येते."

भाऊजींनी कुठे कुठे वाचून उपाय काढला आणि मेहुण्याला बोलावलं. घरात वीज येते ती मीटरमधून मेन स्विचला, तिथून बोर्डाला आणि बोर्डावरून सगळ्या खोल्यांना. म्हणजे फ्रिज, मिक्सर, पंप ह्या सगळ्यांची घाण त्याच तारांत. भाऊजींना हवी होती खास लाईन, थेट मीटरवरून, मेनच्याही आधी घेतलेली.

"भाऊजी, मेनच्या आधी कुणी हात घालत नाही," धाकटा म्हणाला. "उद्या कुणी मेन बंद केला, तर सगळं घर बंद होईल आणि ही खोली जिवंत राहील."

"मग तिला वेगळा खटका बसव. खोलीतच. त्यात काय एवढं?"

"आबांना विचारून सांगतो."

भाऊजी हसले. "विचार की. पण तुझ्या आबांनी जन्मभर पंखे आणि ट्यूबलाइटी लावल्या. हे पंखेवाल्याचं काम नाही, म्हणून तर तुला बोलावलं."

आता ह्यात धाकट्याचं चुकलं कुठे, ते कुणालाही कळेल. त्यालाही कळत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी थोरल्यांना बाजूला ठेवून त्याला बोलावत होतं, आणि ते गोड लागलं. आबांना त्यानं विचारलंच नाही.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. जाड तांब्याची केबल, तिला स्वतंत्र पाइप, अँप्लिफायरच्या लोखंडी स्टँडला वेगळं अर्थिंग. नव्या लाईनवर फक्त सॉकेटं, खोलीतला दिवा जुन्याच लाईनवर राहिला. घरच्या मेनला, कुणाला झटका बसताच वीज तोडणारा ब्रेकर होता, पण ही लाईन त्याच्या आधीच फुटत असल्यानं तिला तो लागू नव्हता. वेगळा बसवू म्हटलं, तर भाऊजी म्हणाले, त्यानं आवाजाचा गळा दाबला जातो, पुढे बघू. खटक्याची पेटी दिसायला नको म्हणून ती गेली तबकड्यांच्या कपाटामागे. मेनवर मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं, ह्या खोलीची लाईन वेगळी आहे म्हणून. पण पॅसेजचा रंग ओला होता. वाळला की लिहू, असं ठरलं. ताईला सांगायचं होतं. धाकट्याला वाटलं, नवरा आहे, सांगेलच. भाऊजींना वाटलं, भाऊ आहे, त्यानं सांगितलं असेल. ताई तर त्या दिवसांत त्या खोलीचं नाव निघालं की उठून जायची. एवढं साधं होतं ते.

पहिल्या रविवारी भाऊजींनी त्याला त्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं. तबकडी फिरायला लागली. घूं नाही, टक् नाही, काहीच नाही. मग गाणारीनं सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास त्याला ऐकू आला, अगदी शेजारी बसून घेतल्यासारखा. धाकट्याच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण तारा ओढल्या त्या दिव्यांसाठी, पंख्यांसाठी, आणि त्याच तारेतून हेही येतं, हे त्याला माहीतच नव्हतं. भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजपासून तुला धाकटा म्हणणार नाही," ते म्हणाले. त्या दिवशी तो घरी गेला तो हवेतच. मग दर रविवारी भाऊजींचे ऐकणारे मित्र जमायला लागले, आळीपाळीनं खुर्चीत बसून माना डोलवायला लागले, आणि लाईन कुणी ओढली म्हणून चौकशी करायला लागले.

एकदा आबा काठी टेकत बघायला आले. भिंतीवरून हात फिरवला, पाइपची वळणं बघितली. वळणं बघूनच ते वायरमनची लायकी ठरवायचे.

"लाईन कुठून घेतलीस?"

"बोर्डावरून," धाकटा म्हणाला. "वेगळा खटका दिलाय."

आबांनी मान डोलावली. "सफाई आहे."

एवढी शाबासकी त्यांच्या तोंडून त्याला कधी मिळाली नव्हती, आणि मिळाली ती खोट्यावर. बापाजवळ बोललेलं ते खोटं त्याला तेव्हा चिमूटभर वाटलं.

आबांनी दोन्ही मुलांना एकच मंत्र दिला होता. आधी मेन, मग टेस्टर, मग हात. इतर घरांत पाढे म्हणायचे, ह्यांच्या घरात हे. आणि खरं सांगायचं तर त्यात ताईच हुशार. दहाव्या वर्षी ती फ्यूज बांधायची. सुट्टीत आबांबरोबर कामावर जायची, शिडी धरायची, आणि धाकट्यानं केलेला जोड आबांच्या आधी तीच ओढून बघायची. आबा कधी बोलले नाहीत, पण तिचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे असं आबांना वाटतं, हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. पुढे तिचं लग्न झालं आणि ती चढाओढ तिथेच थांबली.

तो मंगळवार होता. सकाळचे अकरा. धाकटा एका कार्यालयात शिडीवर चढून छतातले दिवे जोडत होता. वरच्या खिशातला फोन वाजला. ताईचा.

"छोट्या, कामात आहेस का?"

"शिडीवर आहे. बोल."

"अरे, ह्यांच्या त्या खोलीतला प्लग चरचरतोय. रविवारी चार माणसं बसली होती आणि मधेच चर्र. हे सगळ्यांसमोर काय म्हणाले माहीत आहे? मेहुण्याचं काम, दुसरं काय! मी बाहेर पॅसेजमध्ये ऐकत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली."

"सॉकेटचा स्क्रू सैल झाला असेल. जड प्लग आहे, ओढ बसते. संध्याकाळी येतो."

"संध्याकाळी तू येणार, हे घरी असणार, मग पुन्हा तुझा पाणउतारा. त्यापेक्षा मीच आवळून टाकते. आल्यावर म्हणेन, बघा, कुठे चरचरतंय? वायरमनची पोर आहे मी."

धाकट्याला हसू आलं. दातांत दोन स्क्रू धरले होते, एका हातात तार, फोन कान आणि खांद्यात. "मेन बंद कर आधी," तो म्हणाला.

"केला की. फ्रिज गप्प झाला, पॅसेजमध्ये अंधार. त्या खोलीतला दिवासुद्धा गेला, पडदा सारलाय मी. टेस्टर तेवढा सापडत नाही. मशीन हलवल्यापासून माझ्या एका वस्तूचा पत्ता नाही. मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर आहे हातात."

"मेन बंद केलास ना? मग कशाला हवा टेस्टर! आवळ."

"ठेवते," ताई म्हणाली. "ये रविवारी. मी पण बसणार आहे त्या खुर्चीत. बघू काय एवढं ऐकू येतं ते."

त्यानं फोन खिशात टाकला आणि आणखी दोन दिवे जोडले. खाली उतरला, वीज सोडायला पॅनेलपाशी गेला. तिथे दोन खटके होते, एक जुना आणि एक कुणी नंतर बसवलेला. नंतरच्याखाली कागद चिकटवला होता, ही लाईन वेगळी आहे. त्यानं तो कागद वाचला आणि त्याचा हात तिथेच राहिला.

फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. मग हत्यारं तिथेच टाकून तो पळाला.

ताईचं दार नुसतं लोटलेलं होतं. पॅसेजमध्ये अंधार, फ्रिज गप्प, मेनचा खटका खाली. तिनं सांगितलं होतं तस्सं. रबराच्या कडेचं ते दार बंद होतं. ते त्यानं उघडलं. ती सॉकेटसमोर पडली होती, एक हात लोखंडी स्टँडला, दुसऱ्या हातात तो सगळाच्या सगळा लोखंडी स्क्रूड्रायव्हर. शेजारच्या घरात माणसं होती, पण त्या खोलीतून आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच तर सगळं केलेलं होतं.

कपाटामागचा खटका त्यानं पाडला. तिला ओढलं, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, हाका मारल्या. रुग्णवाहिका बोलावली. पुन्हा छाती दाबली. ती थंड होती, आणि ती गेली आहे हे त्याला कळलं होतं.

मग तो पॅसेजमध्ये आला आणि त्यानं मेन वर केला.

नंतर त्यानं स्वतःला सांगून बघितलं, की डॉक्टरांना उजेड लागेल म्हणून केला. नाही. उजेडासाठी नाही. भीतीनं केला. बंद मेन बघून पहिला प्रश्न जो येईल, त्याचं उत्तर एकच होतं आणि ते म्हणजे तो स्वतः. फ्रिज पुन्हा सुरू झाला.

वीज कंपनीचा निरीक्षक आला, त्यानं खोली पाहिली, मेन पाहिला, कपाटामागची पेटी पाहिली. "लाईन वेगळी आहे का ही?" त्यानं विचारलं. "हो, खटकाही वेगळा आहे," धाकटा म्हणाला. "मी आलो तेव्हा चालू होता, तिला सोडवायला मी बंद केला." ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. निरीक्षकानं लिहिलं, पुरवठा बंद न करता सॉकेट उघडले, मृताचा निष्काळजीपणा. खाली सही केली.

मग तोंडाला येईल ते बोलायला जग मोकळं झालं. वायरमनची मुलगी आणि मेन बंद करत नाही? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. भाऊजी तर रडत रडत तिच्यावरच चिडले. "एवढी शहाणी, आणि एवढं साधं कळू नये?" ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. धाकटा शेजारी बसून ऐकायचा. ताई गेली ती गेलीच, वर तिच्या माथी हा बट्टा, आणि तो लावणारा तिचा पाठचा भाऊ. त्याला स्वतःची घाण वाटायची. तरी तो बोलत नव्हता.

तीन आठवडे गेले. आबा जेवायचे म्हणून दोन घास खायचे, बोलायचे नाहीत. एका दुपारी धाकटा घरी आला, तर ते जमिनीवर बसून जुनी हत्यारांची पेटी रिकामी करत होते. पकडी, टेस्टर, लाकडी मुठीचे स्क्रूड्रायव्हर, सगळं एका पोत्यात चाललं होतं.

"हे काय, आबा?"

"भंगारात देतो."

"कशाला?"

"मी तिच्या हातात पक्कड दिली," आबा म्हणाले. "लोक पोरीला बाहुली देतात. मी पक्कड दिली, आणि मेन बंद करायला शिकवायचं राहिलं."

"आबा, शिकवलं होतंत तुम्ही."

"शिकवलं असतं तर ती विसरली नसती. निम्मं शिकवलं मी. धीट केली आणि सोडून दिली. माझ्यामुळे गेली पोर." त्यांनी एक टेस्टर उचलून बघितला आणि पोत्यात टाकला. "मला त्या दिवसापासून झोप नाही. डोळा लागला की दिसतं, ती उभी आहे मेनसमोर आणि मला विचारते, आबा, आधी काय?"

धाकटा त्यांच्यासमोर खाली बसला.

"ती विसरली नव्हती," तो म्हणाला. "मेन बंद होता."

आबांनी वर बघितलं.

मग त्यानं सांगितलं. सगळं. मीटरवरून घेतलेली लाईन, बोर्डावरून म्हणून सांगितलेलं खोटं, शिडीवरचा फोन. सांगताना तो मधेच रडायला लागला, पण आबांनी त्याला ना थांबवलं, ना जवळ घेतलं. एखाद्याचं बिघडलेलं काम तपासावं तसे ते एकेक विचारत गेले.

"खटका कुठे होता?"

"कपाटामागे."

"मेनवर लिहिलं होतंस?"

"नाही."

"टेस्टर का नाही लावला तिनं?"

"सापडत नव्हता. मी म्हटलं, नको."

"तू म्हटलंस."

"हो."

"आणि नंतर मेन वर कुणी केला?"

"मी केला, आबा."

आबांनी चष्मा काढला. आई गेली तेव्हाही धाकट्यानं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता ते रडत होते, आवाज न करता, तोंड वासून, आणि त्या रडण्यात दुःख किती आणि सुटका किती हे धाकट्याला कळेना. "बंद केला होता तिनं," ते म्हणत होते. "बंद केला होता माझ्या पोरीनं." त्यांनी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, चष्मा घातला.

"अशी लाईन आणखी कुठे ओढलीस?"

धाकटा पोत्याबाहेर आलेली एक पकड आत सारायला लागला.

"मी काय विचारतोय?"

"तीन घरांत. भाऊजींच्या मित्रांच्या. त्यांनी तिथे ऐकलं आणि..."

"आणि तिथे मेनवर लिहिलंयस? घरच्यांना सांगितलंयस?"

"ज्यांनी काम दिलं, त्यांना सांगितलं."

"मी घरच्यांना म्हणतोय."

"नाही."

"तीन आठवडे झाले," आबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तीन आठवडे तू माझ्यासमोर तोंड पाडून बसतोस, आणि तिकडे तीन घरांत माणसं मेन बंद करून निर्धास्त फिरतायत! ऊठ."

"मी निरीक्षकाकडे जातो, आबा. सगळं कबूल करतो."

"जाशील. मी तुला दंडाला धरून नेणार आहे. तुझ्या भाऊजींच्या पायाशीही नेणार आहे. पण ते नंतर. आधी फोन लाव. मग ती तिन्ही घरं, आत्ता, मी येतो बरोबर." आबांनी पोतं उलटं केलं, हत्यारं जमिनीवर सांडली, त्यातली लागणारी वेचायला लागले.

धाकट्यानं पहिल्या घरचा नंबर लावला. एका बाईनं उचलला. मागे कुठेतरी पोरं भांडत होती.

"मी वायरमन बोलतोय," तो म्हणाला. "तुमच्याकडे गाण्याच्या खोलीचं काम केलं होतं. जरा नीट ऐका. तुम्ही मेन बंद केलात तरी त्या खोलीतल्या सॉकेटांची वीज बंद होत नाही. तिथे कुणीही हात लावू नका. मुलांना बाहेर काढा आणि दार लावून घ्या. मी येतोय."

"अगं बाई!" ती म्हणाली. "हे मला कुणी सांगितलंच नाही. परवाच मी मेन बंद करून तिथली सगळी सॉकेटं ओल्या फडक्यानं पुसली. का हो? काही झालंय का?"

आबा पक्कड हातात घेऊन त्याच्याकडे बघत होते.

"माझी बहीण गेली," धाकटा म्हणाला. "तिनं मेन बंद केला होता. मीच तिला सांगितलं, आता लाव हात."